मावसाजींची काळी

वऱ्हाडात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणारी माणसं गावोगाव सापडतील. हातभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. पण धुराबिरा सगळं बाजूला ठेवून थेट मातीशीच भांडण मांडलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा होता. मावसाजी अकोल्याला दिवाणी वकिली करत. जठारपेठेत त्यांचं घर, घरामागे ऐसपैस अंगण, अंगणाच्या एका कडेला विहीर आणि दुसऱ्या कडेला सरपण ठेवायची टिनाची छपरी. माझं माहेर अमरावतीचं. लग्न होऊन अकोल्याला आले ती नेमकी त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर. त्यामुळे या खटल्याची जवळजवळ प्रत्येक तारीख मी स्वतः हजर राहून पाहिली आहे.

त्या अंगणातली माती म्हणजे अस्सल काळी. आमच्याकडे नुसतं 'काळी' म्हटलं की पुरतं. कपाशीला ती सोन्यासारखी, पण घराच्या अंगणात तिच्यासारखी दुष्ट वस्तू नाही. पावसाळ्यात ती अशी चिकट होई की विहिरीपर्यंत जाऊन येईस्तोवर चपलेखाली दुसरी चप्पल तयार व्हायची. मावसाजी कोर्टातून मागच्या दाराने आले की पायरीवर बसून मोडक्या खुरपीने बुटाचे तळवे खरडायचे आणि प्रत्येक खरवडीला त्या मातीला एक शिवी घालायचे. वकील असल्यामुळे शिव्या फारच सभ्य असत. उन्हाळ्यात तीच माती दगड व्हायची आणि तिला भेगा पडायच्या. एका वैशाखात मावशीची तांब्याची पळी भेगेत गेली ती गेलीच. मावसाजींनी ती काढायला काठी घातली, तर काठी अर्ध्यावर अडकली आणि पाऊस पडेपर्यंत तशीच उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या पक्षकारांना ते ती काठी दाखवून सांगत, "पाहा, हा आमचा प्रतिवादी. माल घेते अन् पावती देत नाही." मातीला ते कधी माती म्हणतच नसत, प्रतिवादीच म्हणत. "आज प्रतिवादीनं मुदत मागितली" म्हणजे काल पाऊस झाला आणि कुदळ चालत नाही. "प्रतिवादी गैरहजर" म्हणजे ऊन इतकं की अंगणात उभंच राहवत नाही. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोठे साहेबलोक नागपूरला बसत. त्यांच्यातल्या कोणा शेतीच्या साहेबाला मावसाजींनी आठ पानी तक्रार लिहिली. उत्तर आलं, तुमची जमीन उत्तम आहे, कपाशी लावा. ते उत्तर त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं आणि तिसऱ्यांदा मात्र त्यांना हसू आलं.

हसण्यावारी नेण्यासारखं ते प्रकरण नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मावशीचे डोळे जात चालले होते. आधी कडेचं दिसेना, मग संध्याकाळचं दिसेना. अमरावतीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं. मूलबाळ नसलेलं घर. मावशीचा सारा जीव त्या अंगणात. तिचं आणि माझ्या आईचं माहेर नांदगाव खंडेश्वरला, उंचवट्यावर. तिथलं अंगण मुरमाड. कितीही पाऊस होवो, घटकाभरात पाय कोरडे. विहिरीजवळ एक सोनचाफा होता आणि दोघी बहिणी लहानपणी अनवाणी त्याच्याखाली दिवस काढत. अशी बाई आमच्या काळीत येऊन पडली. नजर मंद झाल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात ती तुळशीला पाणी घालायला उतरली, चिखलात घसरली आणि मनगट मोडून बसली. त्या दिवसापासून तिने ओटा सोडला नाही. चार महिने पावसाचे आणि पुढचे भेगांचे, म्हणजे वर्षभरच. दिवसभर ओट्याच्या खांबाला टेकून बसायची आणि अंगणाकडे तोंड करून विचारायची, "आज कोणतं फूल उमललं हो?" अंगणात तेव्हा तुळस सोडली तर एरंड आणि रानगवत याखेरीज काही नव्हतं. मावसाजी खोटं बोलत नसत, म्हणून गप्प बसत. मग एक दिवस त्यांनी तिला माझ्यासमोर कबूल केलं, "तू कोणाचा हात न धरता या अंगणात चालशील. अन् तुले नांदगावचा चाफा इथं वास देईल. नाही दिला तर वकिली सोडून देईन."

मावशी म्हणाली, "वकिली सोडाले निमित्तच पाहून राहिले तुमी."

या वचनापायी त्या माणसाने काय काय केलं! पहिल्या वर्षी त्यांचा सिद्धांत असा की माती घट्ट आहे, तर तिच्यात रेती मिसळली की ती मोकळी होईल. ऐकायला कोणालाही पटावं असंच होतं, मलाही पटलं. मोर्णेच्या पात्रातून बैलगाडीने रेती आली. भाद्रपदातल्या झडीत, माती लोण्यासारखी मऊ आहे तोवरच काम सोपं, असं म्हणून त्यांनी धोतर खोचलं आणि दोन गड्यांना घेऊन आठवडाभर ती रेती काळीत तुडवली. मार्गशीर्षात ते अंगण असं वाळलं की कुदळीचा दांडा मोडला. एक ढेकूळ मी घरी नेलं, ते कितीतरी वर्षं आमच्या मागच्या दाराला अडसर म्हणून होतं. रोज सकाळी भाजी घेऊन येणारे झिंगराजी माळी टोपली उतरवून ते अंगण पाहत उभे राहिले. त्यांची वाडी मोर्णेच्या काठावर होती आणि त्यांच्या वांग्यांना आमच्या पेठेत फार मान होता. मग ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी बगीचा नाई करून राहिले. तुमी भित बांधून राहिले."

मावसाजी चिडले. "मग काय करावं म्हणता?"

"वलीत हात नाई लावाचा तिले. वाफसा येऊ द्याचा. ना वली, ना वाळली, मुठीत धरली का भुरभुर सुटली पाहिजे. अन् पाय तर नाईच द्याचा. काळी पाय धरून ठेवते साहेब. तुमी वलीत एक पाऊल टाका, वर्षभर राह्यते ते."

हे सगळं मावसाजींनी वहीत टिपून घेतलं. पण वाफसा यायचा तो नेमका कोर्टाच्या तारखेला. मुठीत माती भुरभुर सुटते असे वर्षात आठ-दहा दिवस, आणि त्या प्रत्येक दिवशी त्यांचा कोणी ना कोणी पक्षकार दारात उभा. एकदा तर ते न्यायाधीशांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या उजव्या मुठीत काळी होती. सकाळी पाहायला उचलली ती हातातच राहिली. समोरच्या वकिलाने विचारलं की पुराव्यादाखल काही सादर करायचं आहे का, तर त्यांनी मूठ उघडून टेबलावर माती ठेवली आणि म्हणाले, "नाही, ही माझी खाजगी बाब आहे."

दुसऱ्या खेपेला त्यांनी प्रतिवादीला वगळायचंच ठरवलं. माझ्या मामाला पत्र गेलं आणि नांदगावहून मुरमाड मातीची पोती आली, त्याबरोबर माहेरच्या चाफ्याचं कलम. मावसाजींनी पुरुषभर खोल खड्डा खणवला, काळी काढून फेकली, खड्ड्यात नांदगावची माती भरली आणि मावशीचा हात धरून तिच्याकडून कलम लावून घेतलं. मावशीने मुरमाची मूठ हातात घेऊन चोळून पाहिली. तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मी अजून विसरलेले नाही. पण काळीत खणलेला खड्डा म्हणजे हौद, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. आषाढात चौफेरचं पाणी त्या मोकळ्या मातीत उतरलं आणि बाहेर जायला वाटच नव्हती. मावसाजी छत्री खांद्याला अडकवून बादलीने खड्डा उपसायचे. सकाळी कोर्टात जाण्यापूर्वी पन्नास बादल्या, आल्यावर पन्नास. बेडकं राहायला आली. शेजारचे लोक विचारायचे, वकीलसाहेब, नवी विहीर का? श्रावणात कलमाची पानं पिवळी पडून गळली. ते उपटलं तेव्हा मुळं कुजलेली होती. मावशीने ते मूळ चाचपलं आणि हळूच म्हणाली, "माझी माहेरची माती बुडवली तुमी." ती थट्टेत म्हणाली होती. पण मावसाजी त्या रात्री जेवले नाहीत, हे तिनेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि सांगताना रडली.

यानंतर मावसाजींनी पहिल्यांदाच एखाद्याचं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. झिंगराजी पायरीवर बसून म्हणाले, "तिच्यासंगं भांडू नोका. खणू नोका. वरून खाऊ घाला. पाला, शेण, काडीकचरा, जे भेटन ते. खालचं काम गांडुळं करतीन. अन् पाय देऊ नोका, एवढं एक पाळा." शेवटची अट सर्वांत कठीण होती, कारण त्या अंगणात सर्वांत जास्त पाय देणारे स्वतः मावसाजीच होते. उद्याच्या कामाची बहस, म्हणजे कोर्टातला युक्तिवाद, ते रोज संध्याकाळी अंगणात येरझारा घालत पाठ करत. शिवाय पाला आणायचा कुठून? शहरात जो तो आपलं शेण आपल्या गोवऱ्यांना जपतो.

तेव्हा त्यांना निर्माल्याची कल्पना सुचली. आमच्या पेठेत घरोघरी देवपूजा. रोजची फुलं, श्रावणात बेलाचे ढीग, गौरी-गणपतीची पत्री, सत्यनारायणाचे केळीचे खांब. हे सगळं पायदळी येऊ नये म्हणून लोक टोपलीत साठवून मोर्णेला नेऊन सोडत, आणि उन्हाळ्यात मोर्णेला पाणी नसलं की ते टोपलीतच पडून राही. मावसाजींनी सगळ्यांना सांगितलं, तुमचं निर्माल्य माझ्या अंगणात आणून द्या. पेठेतल्या गुरुजींना हे कळलं तेव्हा ते जानवं सावरत आले. "वकीलसाहेब, देवाच्या अंगावरचं फूल तुमच्या बुटाखाली यायचं का?" मावसाजींनी तिथल्या तिथे पळीभर पाणी हातावर घेऊन सोडलं आणि शब्द दिला की ज्या जागी निर्माल्य पडेल त्या जागी माझ्या घरातल्या कोणाचंही पाऊल पडणार नाही. आणि वकिलाने दिलेला शब्द असूनही तो पाळला. अंगणात गुडघाभर उंच वाफे झाले. मधून फरशीच्या तुकड्यांची अरुंद वाट, आणि वाटेच्या कडेने मावशीला धरायला दोरी. झिंगराजींनी सांगितलं होतं तेव्हा जे जमलं नव्हतं, ते देवाच्या धाकाने जमलं.

मग काय थाट विचारावा! मुलांचा चेंडू वाफ्यात गेला तर मावसाजी आकडी लावलेल्या बांबूने तो काढून देत, पण कोणाला आत पाऊल टाकू देत नसत. पक्षकार फरशीच्या वाटेवर एकामागे एक उभे राहत, जसे काही दर्शनाला आले आहेत. हाराचे दोरे ते स्वतः बसून सोडवत, कारण दोरा लवकर कुजत नाही. आणि निर्माल्य कमी आलं की त्यांना करमत नसे. आमच्या सासूबाईंना त्यांनी रस्त्यात थांबवून विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे पूजा कमी होऊन राहिली वाटते? आठ दिवसांत टोपली भरली नाही." स्वतः देवापुढे दोन मिनिटं न बसणारा हा माणूस लोकांच्या घरी जाऊन सत्यनारायण का करत नाही म्हणून मागे लागायचा. त्याचा डोळा केळीच्या खांबांवर असतो हे आम्हा दोघी-तिघींनाच ठाऊक. बाकी पेठेत त्यांची मोठी भाविक म्हणून कीर्ती झाली आणि गुरुजीही त्यांना नमस्कार करू लागले.

हे एका वर्षाचं काम नव्हतं. पहिल्या वर्षी नुसते कुजके ढीग आणि चिलटं. दुसऱ्या वर्षी ढीग बसून वीतभर उरले. तिसऱ्या वर्षी झिंगराजींनी मनगटापर्यंत हात मातीत घातला आणि हात तसाच ठेवून मावसाजींकडे पाहिलं. नांदगावचं दुसरं कलम या वेळी खड्डा न करता वाफ्याच्या माथ्यावर लावलं. ते जगलं. इकडे मावशीची नजर तेवढ्याच सावकाशीने पूर्ण गेली. ज्या वर्षी चाफ्याला पहिली कळी आली त्या वर्षी तिला ऊन आणि सावलीही कळत नव्हती. पण सकाळी ओट्यावर येताच ती थबकली, मान वर केली आणि कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. मावसाजी कोटाची बटणं लावत होते, तेही थांबले. "कोणतं फूल उमललं हो?" असं तिने त्या दिवशी विचारलं नाही.

वचनातला अर्धा भाग राहिला होता. तोही झाला, पण कोणी न ठरवता. आश्विनात एक दिवस वाटेची जुनी दोरी बदलायला काढली होती. मावशी सवयीने उतरली, हात पुढे केला, दोरी मिळाली नाही आणि ती सरळ वाफ्यात शिरली. अनवाणी. घोट्यापर्यंत पाय आत गेले. मी ओट्यावर होते, मावसाजी विहिरीपाशी. दोघेही ओरडायचं विसरलो. मावशी तिथेच उभी राहिली. पायाची बोटं हलवून पाहिली. मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अवो, मी कोणाच्या घरात आली? हे आपलं आंगण नाही."

मावसाजी विहिरीपासूनच म्हणाले, "आपलंच आहे. चाल तू."

ती चालली. चार पावलं गेली, वळली, चार पावलं आली, कोणाचा हात न धरता. मग शब्द मोडला म्हणून मावसाजी गुरुजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. गुरुजींनी विचार करून म्हटलं, त्यांना दिसत नाही, त्यांचा काय दोष. पाय धुऊन जात जा म्हणावं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मावसाजी तांब्याभर पाण्याने मावशीचे पाय स्वतः धूत. ती लाजून "लोक पाहतीन" म्हणायची. मग ती वाफ्यात चार पावलं जायची, चार पावलं यायची. आणि ती ओट्यावर परतली की मावसाजी वाटेवर उकिडवे बसून तिने दाबलेली माती बोटांनी एकेका पावलागणिक मोकळी करत. काळी पाय धरून ठेवते, हे त्यांनी वहीत लिहिलं होतं ना. एकही पाऊल ते राहू देत नसत.

पुढच्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगायला हवी. छपरीत मांजर व्याली होती. पिल्लांचा आवाज ऐकून मावशी एकटीच भिंत चाचपत तिकडे गेली. सरपण असायचं म्हणून त्या कोपऱ्यात निर्माल्य कधी पडलंच नव्हतं. तिथे ती जुनी काळी जशीच्या तशी होती. छपराखाली पन्हळीचं पाणी आलेलं. मावशीचा डावा पाय त्यात रुतला आणि निघेना. मावसाजी धावत आले, तिला ओढून काढलं आणि माझ्यादेखत तिच्यावर असे ओरडले की मी तसं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुले सांगितलं होतं ना तिकडे जायचं नाही म्हणून! पुन्हा हात मोडायचा आहे काय?" मावशीने पदरात आणलेलं एक पिल्लू खाली ठेवलं. रात्री त्यांनी तिची क्षमा मागितली असणार. मागितली असेल अशी माझी आशा आहे.

माघात मावशीला ताप आला. चौथ्या दिवशी ती गेली. जाताना फार त्रास झाला नाही, एवढंच म्हणायचं. चाफ्याला तेव्हा फूल नव्हतं. मावसाजींनी झाडाची नुसती पानं तिच्या उशाशी ठेवली.

त्यानंतर चैत्रात मी एका दुपारी डबा घेऊन गेले, तर घर उघडं आणि मावसाजी कुठे दिसेनात. अंगणात पाहिलं तर ते वाफ्यात होते. शब्द दिल्यापासून ज्या जागी त्यांनी स्वतः कधी पाय ठेवला नव्हता, तिथे गुडघ्यांवर बसून पाला बाजूला करून पाहत होते. मला वाटलं, काही हरवलं असेल. मी विचारलं तर म्हणाले, "पोरी, एक तरी राहिलं असेल ना? घाईत एखादं राहून गेलं असेल." काय, ते मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा मी डबा खाली ठेवला. त्या मऊ, भुसभुशीत, सगळ्या पेठेच्या देवांची फुलं खाल्लेल्या मातीत काही एक उरलेलं नव्हतं. जे उरलं असतं ते त्यांनीच रोज संध्याकाळी बोटांनी मोडलं होतं. मी त्यांना उठवायला गेले, पण ते स्वतःच उठले आणि काहीतरी आठवल्यासारखे छपरीकडे गेले. सरपणाची दोन लाकडं उचलली. तिथे वाळून दगड झालेल्या काळीत मावशीचं डावं पाऊल होतं. टाचेतून एक भेग गेली होती. पाचही बोटं मात्र शाबूत. मावसाजी खाली बसले आणि आपला पंजा त्या पावलात ठेवून पाहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जन्मभर हिच्याशी भांडलो मी. अन् तिचं पाऊल ठेवलं ते हिनंच. मी एक नाही ठेवलं." आणि तो माणूस, ज्याने भर कोर्टात कधी हार कबूल केली नव्हती, लहान मुलासारखा रडला. मीही रडले.

मृग जवळ आला तसे झिंगराजी शेणखताची टोपली घेऊन आले. म्हणाले, "तेवढा छपरीतला कोपरा राह्यला साहेब, तोई मऊ करून टाकू."

"तेवढी राहू द्या," मावसाजी म्हणाले.

झिंगराजींनी एकदा छपरीकडे पाहिलं, टोपली उचलली आणि दुसरीकडे रिकामी केली. मावसाजींनी त्या पावलावर लोखंडी घमेलं पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि छपरीच्या तोंडाशी पाणी अडवायला मातीचा बांध घातला. चाफ्याला बहर असला की रोज सकाळी एक फूल त्या घमेल्यावर असे. निर्माल्य गोळा करणं त्यांनी सोडलं नाही, सत्यनारायणासाठी लोकांच्या मागे लागणंही सोडलं नाही. फक्त बहस पाठ करताना आता ते येरझारा घालत नसत, छपरीपाशी लाकडाच्या ओंडक्यावर बसत.

तीन-चार पावसाळे असे गेले. एकदा मावसाजी कामासाठी बाळापूरला गेले होते आणि घराची किल्ली माझ्याकडे होती. मी अंगणात गेले. घमेलं गंजलं होतं, वर कालचं फूल सुकलेलं. मी दगड काढला आणि घमेलं उचलून पाहिलं. काळी ओल धरून फुगते, वाळली की फाटते, पुन्हा फुगते. वरून झाकलं म्हणून ती थोडीच थांबणार. खाली सपाट माती होती, मधून एक भेग. पाऊल नव्हतं. ते किती दिवसांपासून नव्हतं आणि मावसाजींना माहीत होतं की नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी घमेलं होतं तसंच पालथं घातलं, वर दगड ठेवला, झाडाचं एक ताजं फूल तोडून त्यावर ठेवलं आणि पाय धुऊन घरात गेले.